बाटली पुढे केली

मिस्त्रीनं चाक गरकन फिरवलं आणि रिमेपाशी खडू धरला. चाकात आउट असला की रिम जिथं वाकडी तिथंच खडू घासतो. मग त्या जागेच्या तारा एका अंगानं आवळायच्या, दुसऱ्या अंगानं सैल सोडायच्या. खडू एकदा घासला, दुसऱ्यांदा घासला, आणि दाराशी एक गाडी येऊन थांबली. मिस्त्रीनं मान वर केली नाही. चाक फिरत असताना मान वर करायची नाही, हा दुकानाचा कायदा होता. राजा आला तरी त्यानं चाक थांबेपर्यंत थांबावं.

"मिस्त्री आपणच का?"

"चाक थांबू द्या."

चाक थांबलं. मिस्त्रीनं वर पाहिलं. दारात चाळिशी ओलांडलेला एक माणूस उभा होता. गाल भरलेले, पट्ट्याच्या वर पोट आलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. एका पायावर भार देऊन दुसऱ्या पायाची टाच उचलून तो उभा होता, जणू त्या पायाखाली पायडल आहे. मिस्त्रीच्या हातातून पान्हा खाली पडला.

भिंतीवर त्याच माणसाचा फोटो होता. फोटोत गालांची हाडं वर आलेली होती, अंगावर पिवळी बंडी होती आणि खाली मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं : घोरपड.

घोरपड हे नाव लोकांनीच ठेवलेलं. शर्यतीत घाट लागला की बाकीचे सायकलवाले ढेपाळायचे आणि हा चढाला असा चिकटायचा की सुटता सुटायचा नाही. पंधरा दिवसांपूर्वी मात्र पेपरात आलं होतं की ज्या वर्षी तो शर्यत जिंकला, त्या वर्षीची त्याची लघवी कुठंशी गोठवून ठेवलेली होती, ती नऊ वर्षांनी पुन्हा तपासली आणि तिच्यात औषध सापडलं. जिंकलेली शर्यत आता त्याच्या नावावरून पुसली जाणार होती. त्या दिवशी शेजारचा न्हावी, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा भाऊ, पेपर फडकावत दुकानात आला होता.

"दाजी, तुमची घोरपड नाही हो, पाल निघाली! शेपूट टाकून पळाली!"

मिस्त्री त्यावर चार दिवस मेहुण्याशी बोलला नव्हता. दाढीसुद्धा चार दिवस वाढवली होती.

आता तोच मेहुणा हातात साबणाचा ब्रश घेऊन दाराबाहेर उभा होता. अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून तो आला होता, यावरून प्रसंग केवढा मोठा हे समजावं.

"बसा," मिस्त्री म्हणाला. बसायला फक्त पार्टांचं लाकडी खोकं होतं. घोरपड त्यावर बसला. मिस्त्रीनं नऊ वर्षं त्याला 'आपला घोरपड' म्हटलं होतं. समोर आल्यावर तोंडातून निघालं ते 'साहेब'.

"साहेब, इकडं कुठं?"

"तुमच्याकडंच. तुमची गोष्ट वाचली मी."

गोष्ट! ती पंचक्रोशीत कोणाला माहीत नव्हती? शर्यत शहराबाहेरच्या घाटातून गेली, त्या दिवशी मिस्त्री पहाटेच निघून अकराव्या वळणावर जाऊन उभा राहिला. हातात साखर-मिठाच्या पाण्याची बाटली. घोरपड आला तो जीभ बाहेर, डोळे पांढरे, आता पडतो की मग पडतो. मिस्त्रीनं बाटली दिली. त्यानं ती एका दमात संपवली, रिकामी बाटली मिस्त्रीकडं फेकली, आणि जो सुटला तो थेट जिंकूनच थांबला. पहिल्या वर्षी या गोष्टीत मिस्त्री त्याच्यासोबत वीस पावलं पळाला होता. पाचव्या वर्षी दोनशे. अलीकडं तर तो सायकलीच्या पुढं पळत होता आणि मागं वळून "चल, चल" म्हणत होता.

"आणि मग मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली," असं म्हणून मिस्त्री गोष्ट संपवायचा.

"थाप मारली, एवढं शंभर टक्के खरं," असं मेहुणा दर वेळी न चुकता म्हणायचा.

ती बाटली फोटोखाली फळीवर उभी होती. कोणी तिला हात लावलेला मिस्त्रीला खपत नसे. दोन वर्षांपूर्वी इथल्या साप्ताहिकानं बाटलीच्या फोटोसकट ती गोष्ट छापली होती, आणि कात्रण कुठून कुठून फिरत घोरपडीच्या वकिलाच्या टेबलावर पोचलं होतं.

घोरपडीनं खिशातून एक कागद काढला, उलगडला आणि गुडघ्यावर सपाट केला.

"चौकशी चालू आहे. माझं म्हणणं असं, की मी जाणूनबुजून काही घेतलेलं नाही. वाटेत कुणीतरी दिलेलं प्यायलो, त्यातून आलं असेल. तुमच्यावर काही येणार नाही, मिस्त्री. तुम्ही एवढंच सांगायचं की बाटली दिली. नऊ वर्षं सांगताच आहात, ते आता कागदावर सांगायचं."

मागच्या खोलीत मिस्त्रीच्या बायकोचं शिलाई मशीन चालू होतं. कोणाचा तरी गणवेश शिवत होती.

"वाचा ना," मिस्त्री म्हणाला. त्याचा चष्मा गळ्यात लोंबत होता, पण ते शब्द त्याला त्या तोंडून ऐकायचे होते.

घोरपड वाचू लागला. "अकराव्या वळणावर मी त्यांना माझ्या हातची बाटली दिली. ती त्यांनी तिथंच प्यायली. पाणी मी घरून आणलं होतं. त्यात दुसरं काही मिसळलं गेलं असल्यास मला सांगता येणार नाही."

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. सरकारी भाषेत, शिक्क्याच्या कागदावर त्याची गोष्ट! आजवर शर्यत त्याच्या समोरून निघून जायची आणि तो रस्त्याकडेला उभा असायचा. आता तो शर्यतीच्या आत होता. घोरपडीचं नाव वाचलं तर त्याच्यामुळं वाचणार होतं. मेहुण्याचं तोंड कायमचं बंद होणार होतं, ते वेगळंच. त्यानं हात फडक्याला पुसले आणि पेन घेतलं.

"कुठं करू सही?"

"इथं खाली. चवीचं मी माझ्या जबाबात घातलंय, ते तुम्हाला लिहायला नको."

"कसली चव?"

"पाण्याची. जरा कडवट होतं, असं लिहिलंय."

शिलाई मशीन थांबलं.

मिस्त्रीची बायको मधल्या दारात येऊन उभी राहिली. गळ्यात टेप, ओठात दोन टाचण्या. त्या काढून तिनं पदराला टोचल्या आणि मग तोंड उघडलं.

"सहा चमचे साखर होती त्यात. चिमूटभर मीठ. मी केलेलं पाणी कडवट?"

"तसं नाही, बाई," घोरपड म्हणाला. "घरात एखादं औषध असतं, सर्दीचं, कशाचं. चुकून पडतं एखाद्याच्या हातून."

"माझ्या हातून?"

"म्हणजे, पडलं असेल, एवढंच."

ती नवऱ्याकडं पाहू लागली. मेहुण्याच्या ब्रशावरून फेसाचा एक गोळा उंबऱ्यावर पडला.

मिस्त्रीनं पेन कागदावर टेकवलं. मग उचललं. चाक फिरताना खडू पहिल्यांदा घासतो तेव्हा जसा खर्रकन आवाज येतो, तसं त्याला आत कुठंतरी झालं. आउट सगळ्याच चाकांत थोडाथोडका असतो. ब्रेकला घासत नाही तोवर चाक चालतं, बसणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

"साहेब, एक शब्द चुकलाय."

"कुठला?"

"'दिली' नाही. 'पुढे केली'."

"काय फरक पडतो?"

"तुम्ही घेतली नाही." मिस्त्री सावकाश बोलत होता, पण थांबत नव्हता. "मी पुढे केली. तुमच्या कोपराचा धक्का लागला आणि ती गटारात पडली. तुम्ही बघितलंही नाही. मी गटारात उतरून ती काढली, बंडीला पुसली, आणि दुपारी घाट उतरताना मीच प्यायलो. सगळी. कडवट नव्हतं. गोड होतं. जरा जास्तच गोड."

"पाचच चमचे घालायला हवे होते," बायको आपल्याशीच म्हणाली.

घोरपडीनं मेहुण्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि कसनुसं हसला.

"मिस्त्री, तुम्ही आता थाप मारताय. बाईंना वाईट वाटलं म्हणून."

"नऊ वर्षं मारली, साहेब. आता हात दुखतो."

मेहुणा एरवी इथं काहीतरी बोलला असता. त्यानं नुसता ब्रश या हातातून त्या हातात घेतला.

"मला दुसरं कुणी नाही," घोरपड म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "सगळ्यांनी हात झटकले. वकील म्हणतो, एवढं एकच कात्रण आहे. तुम्ही माझा फोटो लावलाय भिंतीवर. अजून काढलेला नाही."

"काढणारही नाही." मिस्त्रीनं कागदाची घडी घालून त्याच्या गुडघ्यावर ठेवली. "आणि सहीही करणार नाही. उद्या वकील आला तरी हेच सांगेन. दहा वेळा बोलावलं तर दहा वेळा. लोकांना पटो न पटो."

मग त्यानं जमिनीवरचा पान्हा उचलला, जागच्या जागी ठेवला आणि जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"तुमचं तोंड मिटलेलं होतं."

"काय?"

"त्या वळणावर. मागून आले त्या सगळ्यांची तोंडं मासळीसारखी उघडी होती. एकाच्या तर लाळ हनुवटीवर आली होती. तुम्ही नाकानं श्वास घेत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायला निघाल्यासारखे. मला तिथंच खटकलं. घाट उतरून घरी येईपर्यंत मीच तुमचं तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, डोळे पांढरे केले. आणि तहान लावली."

शेजारून फेसवाल्या गिऱ्हाइकानं "अहो, वाळलं!" म्हणून हाक मारली. मेहुण्यानं ती ऐकलीच नाही.

घोरपडीनं काळा चष्मा काढला. डोळे फोटोतले होते.

"तहान नव्हती मला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"त्या अख्ख्या महिन्यात नव्हती."

मिस्त्रीनं मान हलवली. घोरपड फळीवरच्या बाटलीकडं पाहत राहिला. मग त्यानं कागदाची घडी आणखी एकदा दुमडली, आणखी एकदा, नखाएवढी होईपर्यंत.

"आज लागलीय," तो म्हणाला.

मिस्त्रीनं बाटली काढली. नऊ वर्षांची धूळ फुंकून उडाली नाही, तेव्हा बायकोनं ती हातातून ओढून घेतली. आतून पाण्याचा आवाज आला, घासणीचा आला, मग चमच्याचा. मिस्त्री मनात मोजत होता. पाच चमचे.

भरलेली बाटली मिस्त्रीनं पुढे केली. अकराव्या वळणावर केली होती तशीच, हात पूर्ण लांब करून. घोरपडीनं ती घेतली आणि मान मागं टाकून घटाघटा प्यायला. पाणी हनुवटीवरून पोटावर ओघळलं. मध्ये दम घ्यायला थांबला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं. रिकामी बाटली त्यानं फेकली नाही. मिस्त्रीच्या हातात ठेवली, आणि गाडीकडं निघाला. मिस्त्रीचा हात त्याच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथून परत फिरून चाकाच्या तारांवर आला.

आठ दिवसांनी पेपरात आतल्या पानावर तीन ओळी आल्या. आपलं आधीचं म्हणणं मागं घेत असल्याचं त्यानं चौकशीवाल्यांना कळवलं होतं. जे घेतलं ते माहीत असताना घेतलं, असंही लिहून दिलं होतं. मेहुण्यानं त्या मोठ्यानं वाचल्या, पण पालीचं नाव काढलं नाही.

फोटो भिंतीवर राहिला. फळी रिकामी झाली. बाटली आता मिस्त्रीच्या स्वतःच्या सायकलीला असते.

महिन्याभरानं एक जुनं गिऱ्हाईक आपल्या भाच्याला गोष्ट ऐकवायला मुद्दाम घेऊन आलं. "मिस्त्री, ते घोरपडीचं सांगा. बाटली दिली ते."

"दिली नाही," मिस्त्री चाक चढवत म्हणाला. "पुढे केली होती. त्यानं घेतली नाही."

"घेतली!" मेहुणा वस्तरा हातात घेऊन दारातूनच ओरडला. "इथं, या खोक्यावर बसून, माझ्या डोळ्यांदेखत! सगळी प्यायला! माझी ताई साक्षीला आहे!"

गिऱ्हाइकानं भाच्याला डोळा मारला. "असं होय? घोरपड, तुमच्या दाजींच्या दुकानात? खोक्यावर?"

"शप्पथ! बाटली इथून पुढे केली, त्यानं अशी घेतली, पाणी अस्सं पोटावर सांडलं..."

"आणि मग तुम्ही पाठीवर थाप मारली असेल."

दुकानभर हशा झाला. मेहुणा लालबुंद झाला.

"दाजी! अहो, सांगा की यांना!"

मिस्त्रीनं चाक गरकन फिरवलं आणि खडू धरला. चाक फिरत असताना मान वर करायची नाही, हा दुकानाचा कायदा होता. चाक बराच वेळ फिरत राहिलं. खडू कुठंच घासला नाही.