एक दाणा तुरीचा, एक हरभऱ्याचा

मित्रांनो, आमच्या डाळ मिलच्या शेडमध्ये शिरलात की डाव्या भिंतीवर एका खिळ्याला दोन पितळी पारडी लटकलेली दिसतील. तोच मी, घाटंजीचा जुना तराजू. माझं वय विचारू नका. दांडीवर दरवर्षी ठोकलेले वजनमापवाल्या साहेबांचे शिक्के मोजले असते तर कळलं असतं, पण आता ते गंजाखाली गेले आहेत.

मला गफ्फारभाईंनी घडवलं. बाजाराच्या ओळीत त्यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. महिनाभर ते माझी दांडी कानशीनं घासत होते. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन्ही पारडी रिकामी ठेवून मला उचललं आणि श्वास रोखून धरला. माझा काटा जरासा हलला आणि सरळ उभा राहिला. तेव्हा ते हळूच म्हणाले, "बोल बेटा, खरं बोल." हे माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य. पुढे रोज सकाळी दुकान उघडलं की ते हेच म्हणायचे.

कधी कधी एखादा दुकानदार यायचा आणि आवाज खाली करून म्हणायचा, "भाई, पारड्याखाली जरासा पासंग बांधून द्या ना." म्हणजे गिऱ्हाईकाला दिसणार नाही असा, वजनात फसवणारा एक छोटासा तुकडा! गफ्फारभाई त्याला चहा पाजायचे आणि त्याचा तराजू तसाच परत द्यायचे. चहा मात्र हमखास पाजायचे हं. दर जुम्याला त्यांच्या पत्नी, बिस्मिल्लाबी, माझी पारडी चिंचेच्या कोळानं घासायच्या. त्यात त्यांचा चेहरा दिसू लागला की मगच त्यांचं समाधान व्हायचं.

मग बॅटरीवर चालणारे काटे आले. लाल आकडे दाखवणारे, पीं-पीं करणारे. माझं त्यांच्याविषयीचं मत मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते चांगलं नाही. दुकान बंद पडलं. त्याच सुमाराला आजूबाजूच्या गावांतल्या तीनशे शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली. तिचं नाव लांबलचक आहे, लोक नुसतं 'कंपनी' म्हणतात. प्रत्येकानं हजार-हजार रुपयांचे शेअर घेतले. कुणी एक घेतला, कुणी दहा. शेअर म्हणजे कंपनीतला आपला वाटा. गफ्फारभाईंची अडीच एकर तूर होती. दुकान विकून आलेल्या पैशातून त्यांनी तीस शेअर घेतले आणि मला कंपनीला फुकट देऊन टाकलं. कमी पडलेले पैसे बँकेकडून कर्जाऊ घेऊन डाळ मिल उभी राहिली. आलेल्या तुरीचा नमुना माझ्यात तोलायचा, खडे आणि काडीकचरा वेगळा काढून पुन्हा तोलायचा, हे माझं काम झालं. शेतकरी म्हणायचे, "गफ्फारभाईचा तराजू हाये, मंग झालं." हे ऐकलं की माझ्या साखळ्या आपोआप ताठ व्हायच्या.

आणि मग आली पहिली वार्षिक सभा. मित्रांनो, त्या दिवशी मी जे पाहिलं त्याचं आश्चर्य आजही ओसरलेलं नाही. नेमसिंगभाऊंचे शंभर शेअर होते. हंसाबाईंचा एकच, तोही त्यांनी बकरी विकून घेतलेला. आणि कंपनीचा हिशेब सांभाळणारे मॅनेजर धम्मदीप उभे राहून म्हणाले, "आपल्या कंपनीत शेअर कितीही असू द्या, मत एकाले एकच." मी चक्रावलो! माझा जन्मभराचा अनुभव साधा होता: ज्यात जास्त, ते पारडं खाली. इथे एका बाजूला शंभर आणि दुसऱ्या बाजूला एक, तरी काटा सरळ. असा तराजू माणसांनी कशापासून बनवला असेल, याचा मी कितीतरी दिवस विचार करत होतो.

पुष्कळ सभासदांना लिहिता येत नव्हतं, म्हणून दोन मडकी ठेवली होती, एक 'हो'चं आणि एक 'नाही'चं. प्रत्येकानं तुरीचा एक दाणा हव्या त्या मडक्यात टाकायचा. धम्मदीप दाणे मोजायला बसणार, तेवढ्यात अध्यक्ष सत्यभामाताई म्हणाल्या, "मोजत कोन बसते? इथं सारं तोलूनच होते. टाका तराजूत!" टाकले. दोन्हीकडे तूरच, तेव्हा माझा कौल बरोबरच निघाला. सगळ्यांना ही पद्धत इतकी आवडली की तीच रीत पडली. वर्षातून एकदा तीनशे माणसं माझ्या काट्याकडे डोळे लावून बसायची. अभिमानानं मी फुगलो नसतो तरच नवल.

पण मिलमध्येही लाल आकडेवाला काटा आला आणि माझं रोजचं काम गेलं. मी खिळ्यावर गेलो. समोर बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, थप्पी लागली आणि एका कोळ्यानं माझ्या साखळीत घर केलं. तीन वर्षांपूर्वी गफ्फारभाई गेले. ती बातमी मला कुणी सांगितली नाही. दर जुम्याला मिलमध्येही पारडी घासायला येणाऱ्या बिस्मिल्लाबी येईनाशा झाल्या, त्यावरून मी समजलो. वर्षातून एक दिवस, सभेच्या दिवशी, मला खाली काढायचे. तेवढंच.

त्याच्या पुढच्या वर्षीची सभा भाद्रपदात झाली. कंपनीला पहिल्यांदाच घसघशीत नफा झाला होता, चार लाख रुपये. त्याचं काय करायचं, हा प्रश्न होता.

नेमसिंगभाऊ उभे राहिले. त्यांचा धान्याचा व्यापार आहे, आवाज खणखणीत. "सात वर्सं झाले, आमी पैसे टाकून बसलो. एक रुपया पाह्यला नाई. कर्जाचे हप्ते सुरूच हायेत, कोनी बुडवून नाई राह्यलं. नफा झाला त वाटा सारा. ज्याचे जितके शेअर तितका लाभांश. लोकायले कंपनी आपली वाटली पाह्यजे का नाई?" टाळ्या पडल्या. खोटं काय होतं त्यात? शंभर शेअरमागे त्यांना वीस हजार मिळणार होते, आणि विहिरीवरची मोटर जळून दोन महिने झाले होते.

सत्यभामाताई म्हणाल्या, "भाऊ, व्याज आपल्यालेच खाऊन राह्यलं. तीन लाख कर्जात भरू. अन् एक लाखात, जे नऊ जन कंपनी सोडून राह्यले, त्यायचे शेअर परत घेऊ. ते बी आपलेच लोकं होत."

त्या नऊ जणांत बिस्मिल्लाबी होत्या. गफ्फारभाईंच्या दुखण्यात शेत विकलं गेलं होतं, आणि शेती नाही त्याला कंपनीत राहता येत नाही. त्या कोपऱ्यात सतरंजीच्या काठावर बसल्या होत्या. सत्यभामाताईंनी आग्रह केला तेव्हा उठल्या. "मी पोरीकडं, तमन्नाकडं, पांढरकवड्याले चालली. तीस शेअरचे तीस हजार भेटले त एक घरघंटी घेतो म्हनलं. चार घरचं दळण करीन. जवायाच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ?" एवढंच बोलून त्या बसल्या. लाभांश वाटला असता तर त्यांना सहा हजार मिळाले असते आणि शेअर तसेच अडकले असते.

आता नीट ऐका. आदल्या वर्षी कोण कोणत्या मडक्यात हात घालतो हे सगळ्यांना दिसलं होतं, आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. म्हणून या वेळी मडकं एकच ठेवलं. दारात प्रत्येकाला दोन दाणे दिले. लाभांश हवा असेल तर हरभरा टाकायचा, कर्ज फेडून शेअर परत घ्यायचे असतील तर तूर. मूठ बंद, कुणाला काही दिसणार नाही. युक्ती छान होती. दोनशे सत्त्याऐंशी माणसांनी अंगठा उठवला किंवा सही केली आणि मडक्यात एकेक दाणा टाकला. मग धम्मदीपनी दाणे निवडून वेगळे केले आणि सवयीनं, अगदी सवयीनं, तूर एका पारड्यात आणि हरभरा दुसऱ्या पारड्यात ओतला.

मित्रांनो, हरभऱ्याचं पारडं खाली गेलं.

शेडमध्ये एकच गलका झाला. कुणी शिट्टी मारली. मी मात्र आतून हादरलो. मी खोटं बोललो नव्हतो. हरभरा खरंच जड होता. पण मला विचारायला हवा होता तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी कितीदा सांगायचा प्रयत्न केला! पण तराजूला फक्त झुकता येतं. ज्या हातांनी मला दर जुम्याला लखलखीत केलं, ते हात समोर शेअरचे कागद घडी करून पिशवीत ठेवत होते. त्या क्षणी मला माझ्या पितळेची लाज वाटली.

नेमसिंगभाऊंच्या खांद्यावर लोक थापा मारत होते. हसत हसत ते माझ्यापाशी आले आणि वाकून पारड्यात पाहू लागले. त्यांचं हसू थांबलं. व्यापारी माणूस, जन्म धान्यात गेलेला. त्यांनी दोन्ही पारडी रिकामी करून घेतली. एकात तुरीचा एक दाणा ठेवला, दुसऱ्यात हरभऱ्याचा एक. दांडी उचलली. मी झुकलो. अगदी थोडासा, पण जीव तोडून झुकलो.

"थांबा," ते म्हणाले. गलका संपेना, तेव्हा ओरडले, "थांबा म्हनलं ना! हे पाहा. एक इकडं, एक तिकडं, तरी चना खाली. आपन काय तोलून राह्यलो? चना जड हाये, आमी नाई. मोजा!"

"भाऊ, तुमी जितले हा," मागून कुणीतरी म्हणालं.

"मले मालूम हाये. मोजा."

आणि ते स्वतः मांडी घालून तूर मोजायला बसले. दहा-दहाच्या ढिगल्या लागत गेल्या. हरभरा भरला एकशे चोवीस. तूर एकशे त्रेसष्ट.

नेमसिंगभाऊ उठले, धोतर झटकलं, आणि बिस्मिल्लाबींपुढे जाऊन म्हणाले, "भाभी, काढा ते कागद पिशवीतून." त्यांनी कागद काढले आणि मांडीवर ठेवून घडी उलगडली. मग डोळ्यांना पदर लावला. मला घडवणारा गेला असं मी समजत होतो. त्या दिवशी वाटलं, तो गेलेला नाही. त्याचं ते सकाळचं वाक्य आता माणसांच्या अंगात शिरलं आहे. वीस हजार रुपये आणि जळालेली मोटर एका बाजूला, आणि तरीही माणूस सरळ उभा राहतो! मी एवढी वर्षं तोलतोय, पण याहून मोठं काही पाहिलेलं नाही.

जाण्याआधी सत्यभामाताईंनी मला बिस्मिल्लाबींच्या हातात दिलं. "चाची, तुमचा हाये, घेऊन जा." त्यांनी पदरानं माझी पारडी पुसली, चेहरा दिसतो का ते पाहायला मला तोंडापर्यंत उचललं, आणि परत दिलं. "इथंच राहू द्या. त्यायनं कंपनीले देल्ला होता."

आता मतं मोजली जातात. मी खिळ्यावरच असतो, पण समोरची थप्पी हलवली आहे आणि कोळ्यानं बिऱ्हाड बदललं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसत जा, त्यांच्याकडून काम घेत जा. आणि आमच्याकडून उत्तर घेण्याआधी आपण काय विचारतोय ते एकदा पाहत जा. ते आमच्या हातात नसतं.

माझ्या वाट्याला वर्षातून एकच काम उरलं आहे, तेही सभेनं ठराव करून दिलेलं. मत टाकण्याआधी नेमसिंगभाऊ माझ्या एका पारड्यात तुरीचा एक दाणा ठेवतात आणि दुसऱ्यात हरभऱ्याचा एक. मग मला उंच धरतात. सगळ्यांच्या देखत मी हरभऱ्याकडे झुकतो, आणि सगळी सभा एका आवाजात म्हणते, "मोजा!"