राखाडी शर्ट

“गळतंय,” हे दारातूनच म्हणाले. “पाठीवर. खांद्याच्या खाली.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. गळतंय म्हणजे माझं गळतंय. जॅकेट कापते एक, शिवते दुसरी, पण शिवणीवर गरम पट्टी बसवून पाण्याची वाट बंद करते ती मी.

“चेन नीट लावली नसेल तुम्ही.”

“चेन पुढे असते. पाठ मागे असते,” असं म्हणत यांनी जॅकेट काढलं आणि पाठ माझ्याकडे केली. राखाडी सुती शर्टावर चांगला ताटाएवढा ओला डाग होता.

आमचा कारखाना लहान, डोंगर चढणाऱ्यांसाठी पावसाळी जॅकेटं बनवणारा. नवा नमुना तयार झाला की तो अंगात घालून हे वाईट हवेत डोंगर चढून येतात. आत राखाडी शर्ट, कारण राखाडी रंगावर पाणी लपत नाही. ओल असतानाच डागाभोवती खडूची रेघ मारायची, शर्ट न धुता सुकवायचा आणि दुसऱ्या दिवशी ताईंपुढे ठेवायचा. ताई म्हणजे आमच्या मालकीणबाई. कारखान्यात नळ आहे, पण नळाला वारा नसतो, असं त्या म्हणतात. म्हणून डोंगरकाका लागतात. कारखान्यात यांना सगळे त्याच नावाने ओळखतात. हवा बिघडली की लोक दारं लावून घेतात, आमचे हे बूट शोधतात.

मी खडूची रेघ मारली.

“अगं, सुटते एखादी पट्टी,” हे म्हणाले. “तूही माणूसच आहेस.”

हे भांडले असते तर बरं वाटलं असतं. ही दया मात्र झोंबली.

सकाळी दोरीवरचा शर्ट काढायला गेले. खडूच्या रेघेच्या आत आणखी एक रेघ उमटली होती, पांढरी, वेडीवाकडी. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट लागलं.

पावसाचं पाणी खारट नसतं.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझी पट्टी सुटली नव्हती! आणि मग लक्षात आलं, हा यांचा घाम. हे डोंगर चढायचे ते शीळ घालत. बरोबरचे धापा टाकायचे, पण यांच्या कपाळावर टिपूस नसायचा. ‘आपल्याला घाम फुटत नाही’ हे यांचं ठरलेलं वाक्य. पाठ ओली झाल्यावर घामाचा विचार यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. हल्ली उतरायला उशीर व्हायचा, तेव्हा म्हणायचे, धुकं होतं. मीही म्हणायचे, असेल धुकं.

आत हे दाढी करत होते. मी शर्ट बादलीत बुडवला आणि खसखसून धुतला.

कारखान्यात टेबलावर जॅकेटांचा ढीग लागलेला होता. डोंगरात हरवलेल्यांना शोधायला जाणाऱ्या पथकाचं ते काम. ती माणसं भर वादळात वर जातात, त्यांना थेंबभर गळलेलंही चालत नाही. यांनी ‘पाठ गळते’ म्हटल्यावर ताईंचा चेहरा उतरला.

“माझाच हात चुकला, ताई,” मी म्हणाले. “सगळ्यांच्या पट्ट्या काढून परत बसवते.”

कापणारीचा हात थांबला. दूध करपलं तरी खापर शेगडीवर फोडणारी बाई मी, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“थांबा, आधी बघू तरी,” म्हणत ताईंनी जॅकेट उलटं करून त्याची झोळी केली, आत पाणी ओतलं आणि खाली कोरा कागद अंथरला. आम्ही सगळे कागदाकडे बघत उभे राहिलो. कागद कोरडाच राहिला.

“नळाला वारा नसतो,” मी घाईघाईने म्हणाले. “तुम्हीच म्हणता ना? काढते मी पट्ट्या.”

“शर्ट कुठाय?” यांनी विचारलं.

“धुतला. चुकून.”

“चुकून?”

तो शर्ट ताईंनी बघण्याआधी मी आजवर कधी धुतला नव्हता. हे माझ्याकडे बघत राहिले. मला वर बघवेना, आणि तिथेच मी पकडले गेले. यांचा हात हळूच मागे गेला, स्वतःच्या पाठीवर.

“पट्ट्या काढू नका, ताई,” हे म्हणाले. “शिवण कोरडी आहे. पाणी माझं आहे.”

“काका, अहो, जॅकेटच गरम होत असेल...”

“जॅकेट चांगलं आहे. पाठवून द्या. वर कुणीतरी वाट बघत असतं.”

मग यांनी टेबलावरचा खडू उचलून त्याच्या डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं.

घरी येताना कोपऱ्यावर हे म्हणाले, “कसं कळलं तुला?”

“जिभेला लावून बघितलं.”

“शी! घाणेरडी.”

“असू दे.”

“मग सांगायचं नाहीस? एरवी माझी चूक काढायची एक संधी सोडत नाहीस.”

“ही काढवेना,” मी म्हणाले.

“आणि माझ्यापायी स्वतःच्या पट्टीला नावं ठेवलीस? चारचौघांत?” मी भर रस्त्यात यांचा हात धरला. असं लग्न नवं असतानाही कधी केलं नव्हतं. पण या माणसावर माझा जीव आहे, आणि त्या दिवशी तो लपवायची ताकद माझ्यात नव्हती.

डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या आणि चढ बंद केला.

पुढचा नमुना तयार झाला, हवा बिघडली, तेव्हा ताईंनी जॅकेट माझ्यापुढे धरलं. इतक्या पट्ट्या लावल्या, पण त्यातलं एकही जॅकेट घालून मी पावसात उभी राहिले नव्हते. यांनी राखाडी शर्ट काढून दिला, माझी चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपीची दोरी बांधली, आणि पायथ्यापर्यंत सूचनांचा नुसता भडिमार केला.

“बोलू नका, दम लागेल,” मी म्हणाले.

“सपाटीला लागत नाही मला!”

पायथ्याच्या फाटकापाशी एक लाकडी बाक आहे. हे आजवर त्याच्यासमोरून शीळ घालत गेले होते. आज थांबले, छत्री उघडली आणि बसले.

“मी इथवर. तू त्या वळणापर्यंत जाऊन ये. वारा समोरून घे. आणि घाई करू नकोस, मी आहे इथे.”

मी चढू लागले. टोपीवर पाऊस ताडताड वाजत होता आणि आत मी ठणठणीत कोरडी होते. ते यांना सांगावं म्हणून वळणावरून मागे बघितलं.

खाली हे बाकाच्या एका टोकाला बसले होते. छत्री दुसऱ्या बाजूला कलती धरली होती, माझी बसायची जागा भिजू नये म्हणून. यांचा स्वतःचा खांदा भिजत होता.