दुसरं बटण

ते दातेरी चाक अंगठ्याखाली अर्धा वेढा फिरलं आणि अडलं. शर्टाच्या बटणाहून जरासं मोठं, कडेला बारीक दाते, दात्यांमध्ये अकरा वर्षांचा मळ — तिच्याच अंगठ्याचा. तिने पुन्हा जोर लावला. उजव्या खांद्यातून कळ निघाली आणि कोपरापाशी थांबली. ये ना, ती मनात म्हणाली, आलीच आहेस तर बोटांपर्यंत ये, चाक तरी फिरव.

चाक फिरलं. कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेली ती बॅटरी ग्रिप सुटून मांडीवर पडली. दोन बॅटऱ्या पोटात घेणारी, आणि कोपऱ्यात फोटो काढायचं आणखी एक बटण असलेली. कॅमेरा उभा धरला की ते बटण आपसूक बोटाखाली यायचं.

"सुटली?" काउंटरमागून धाकट्याने विचारलं. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वडिलांच्या मागे स्टुडिओ दोघांनी चालवला. तो दुकानात, ती शाळाशाळांतून मुलांचे फोटो काढत.

"सुटली. झालं तुझं समाधान?"

"माझं कशाला? डॉक्टरच म्हणाले, वजन कमी करा. अगं ताई, वीट आहे ती, वीट! संध्याकाळी पेपरवाला फोटोग्राफर येतोय, त्याला हवी आहे. देऊन टाकू."

"आज शाळेत तिच्याशिवाय काम करून बघते. मग सांगते. तोवर हात लावायचा नाही."

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा."

"पीळ आहे म्हणून गाठ टिकते," ती म्हणाली, ग्रिप काउंटरवर ठेवली आणि बॅगेची चेन ओढली. डाव्या हाताने.

तीन महिन्यांपूर्वी एका वर्गाचा एकत्र फोटो घेताना ती खुर्चीवर चढली होती. खुर्ची सरकली. पडता पडता तिने कॅमेरा वर धरला आणि खांद्यावर पडली — कॅमेऱ्याला ओरखडा नाही, खांदा मात्र निखळला. तेवढ्या काळात शाळा धाकट्याने केल्या. तिला जिथे अर्धा दिवस लागायचा तिथे तो दोन तासांत आटपून यायचा, आणि फोटोतली मुलं अशी हनुवट्या वर करून उभी, जणू कुणी दटावलंय. एकदा जेवताना तो म्हणाला होता, "आता तू दुकान बघ, ताई. शाळांचं मी बघतो." पुन्हा म्हणाला नाही. पण ती काही दुधखुळी नव्हती. आज ग्रिप, उद्या कॅमेरा, परवा शाळा... भिंत कुणी एकदम पाडत नाही, आधी एक वीट सैल करून बघतात. वीट! तोच म्हणाला ना.

आणि वजनाने दुखतच नव्हतं. दुखत होतं ते हात वर नेला की. ग्रिप असली की उभ्या फोटोलाही कोपर खाली राहायचं. नसली की कॅमेऱ्याचं बटण वर जायचं, उजवा हात डोक्यावरून न्यावा लागायचा. दोनदा समजावून सांगितलं होतं. तर म्हणे, स्टँड लाव. स्टँड लावून काय करू? एक मूल गुडघ्याएवढं, दुसरं कमरेएवढं. प्रत्येकाच्या उंचीला मी जाते, मूल माझ्या उंचीला येत नाही. पण ऐकतो कोण? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शाळेच्या वाचनालयात खिडकीशेजारी पांढरी चादर लावून ती बुटक्या स्टुलावर बसली. कॅमेऱ्याच्या तळाचं झाकण मघाशीच बसवलं होतं. ग्रिप लावली की ते काढून तिच्यातल्याच खाचेत ठेवायचं असतं. अकरा वर्षं ते तिथे झोपून होतं. कॅमेऱ्याचं सगळं अंग झिजून गुळगुळीत झालेलं आणि झाकण तेवढं नवंकोरं, काळंभोर... जुन्या सदऱ्याला लावलेल्या ठिगळासारखं.

तिची एक रीत होती. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याचा पट्टा मुलाच्या गळ्यात घालायचा, खालून आपला हात द्यायचा आणि म्हणायचं, आधी तू मला बघ, मग मी तुला बघते. ज्याने एकदा आतून पाहिलं ते मूल मग कॅमेऱ्याला भीत नाही. धाकट्याला हे थेर वाटायचे. हे वगळूनच त्याचं दोन तासांत व्हायचं.

पहिल्या मुलाने तिला बघितलं, हसला, चादरीपुढे उभा राहिला. तिने कॅमेरा उभा केला आणि सवयीने बोट कोपऱ्यात नेऊन दाबलं. तिथे काहीच नव्हतं. हवा होती. बोट हवेत दाबलं गेलं.

"वाजला नाही," मुलगा म्हणाला.

"वाजेल."

हात डोक्यावरून नेला. कळ आली, नुसती आली नाही, ठाण मांडून बसली. फोटो निघाला, तिरका. दुसराही. चौथ्या मुलाला हात वर जाईना आणि तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. म्हणजे खरं होतं माझं. ग्रिपशिवाय होत नाही. तिला बरं वाटलं, आणि लगेच कसंसंही झालं — म्हणजे आपण सकाळपासून न जमण्याचीच वाट बघत होतो की काय?

"त्रास होतोय का?" वर्गाच्या बाई जवळ आल्या. "तुमच्या भावाला बोलवायचं का? त्यांचं पटापट होतं."

"पटापट काढायला ती काय गाजरं आहेत?" ती म्हणाली. बाई हसल्या. ती हसली नाही. "पुढचं कोण?"

पुढची एक ठेंगणी मुलगी होती, समोरचा दात पडलेली. पट्टा गळ्यात आल्याबरोबर तिने कॅमेरा उभा केला, पण भलत्याच बाजूला वळवून. बटण खाली गेलं, पार हनुवटीशी.

"उलटा धरलास गं."

"उलटा कुठे?" मुलगी डोळा न काढता म्हणाली. "तुम्ही सरळच दिसताय की. डोकं वर, पाय खाली."

सगळा वर्ग हसला. मुलीचं कोपर बरगडीला टेकलं होतं... कोपर पोटाशी. बटण खाली, कोपर पोटाशी. कोपर उडालं की फोटो उडाला. वडिलांचा आवाज कुठून आला कळलं नाही. ते स्टुडिओतल्या पडद्यापुढे वाकलेले, ती दहा वर्षांची, आणि त्यांचा तो जाडजूड कॅमेरा असाच वळलेला, बटण खाली. बाबा, तुम्ही उलटा धरता, ती म्हणाली होती. आणि ते? ते म्हणाले होते, उलटा-सुलटा माणूस असतो, कॅमेरा नाही. पुढे ती मोठी झाली, लोकांचं बघून हात डोक्यावरून नेऊ लागली, मग ग्रिप घेतली — स्वतःच्या पहिल्या शाळेच्या कामातून, कुणाला न विचारता — आणि ग्रिपने सगळंच सोपं केलं. इतकं सोपं, की शिकवलेलं विसरायलाही झालं.

तिने कॅमेरा घेतला. वळवला. बोट खालून चाचपडलं, अवघडलं, सापडलं. कोपर पोटाशी.

वाजला.

"आला?" मुलीने विचारलं.

"आला. डोळ्यांतल्या खिडकीसकट."

संध्याकाळी ग्रिप काउंटरवर होती तिथेच होती. धाकट्याने खरंच हात लावला नव्हता.

"किती झाले?"

"चाळीसच्या चाळीस."

"ग्रिपशिवाय?" त्याच्या भुवया वर गेल्या.

"ग्रिपशिवाय."

"मग मी काय म्हणत होतो! लागतच नाही तुला. देऊ ना त्याला?"

सकाळपासून रचलेलं सगळं, कोपर, उंची, म्हैस आणि पखाल, कोसळलं होतं, आणि पाडलं होतं तिनेच. चाळीस फोटो काढून. लागत नाही म्हणून द्यायची? तसं मग दुकानातून आणखी कुणाकुणाला काढावं लागेल, धाकट्या...

"उद्याची शाळा कुठली आहे?" तिने विचारलं.

"ताई, ग्रिपचं बोल."

"आधी शाळेचं."

त्याने कामांची वही उघडली. "नदीपलीकडची," तो म्हणाला. "आठला निघायला लागेल."

"निघेन."

बाहेर स्कूटर थांबली. पेपरवाला असणार. तिने ग्रिप उचलून मांडीवर घेतली. दुसऱ्या बटणावर बोट आपणहून गेलं. कशालाच जोडलेलं नव्हतं, तरी दाबलं की दबत होतं, सोडलं की वर येत होतं. सकाळी ही लागत होती, म्हणून हवी होती. तेव्हा भांडण कसं सोपं होतं. आता लागत नाही. आता कुणापुढे कारण मांडायचं नाही, खांद्याचंसुद्धा नाही. मग हवी आहे का? हा प्रश्न तिला कधी कुणी विचारलाच नव्हता, तिनेही नाही, आणि तो असा मांडीवर येऊन बसला होता, विटेएवढा जड... नाही, तेवढाही नाही. दार उघडलं. तिने मान वर केली नाही. आलेल्याला थांबू दे. तिचं कोपर अजून पोटाशीच होतं.