निकालाआधी आलेली लिफ्ट

लिफ्टची पेटी दारात आडवी अडकली होती. चार हमाल ती कलती करून आत घ्यायला बघत होते आणि न्यायाधीशबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

"कुणी मागवली?" त्यांनी विचारलं.

"आपणच की, मॅडम." शिरस्तेदारांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "लिफ्टचा खड्डा वर्षानुवर्षं रिकामा, अर्ज करून करून हात दुखले. काल अचानक मंजुरी आली."

पेटीमागून बांधकाम खात्याचे इंजिनियर हसत पुढे झाले. "आता म्हातारी माणसं सुखानं वर येतील, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. हेच इंजिनियर मागच्या महिन्यात त्यांच्यासमोर सरकारतर्फे साक्ष देऊन गेले होते. पाण्याच्या टाकीसाठी सरकारला एका म्हाताऱ्याची रोपवाटिका हवी होती. शहराबाहेरच्या वस्तीला पाणी द्यायचं, तर उंच जागा तेवढीच. म्हातारा जागा सोडायला तयार नव्हता. निकाल पुढच्या सोमवारी होता.

तो निकाल बाईंनी आधीच लिहून कपाटात ठेवला होता. सरकारच्या बाजूने.

दालनात जाऊन त्यांनी तो पुन्हा वाचला. कुठे चूक सापडते का, हे शोधत वाचला. नोटीस वेळेवर गेली होती, मोबदला वाजवी होता, वस्तीतल्या बायका खरोखरच लांबून पाणी वाहत होत्या. एका परिच्छेदापाशी पेन थांबलं. इथे जरा ओढून ताणून लिहिलं, तर निकाल उलटा फिरला असता आणि बाईंकडे कुणी बोट दाखवलं नसतं. खटला दुसऱ्याकडे सोपवावा, तर कारण काय लिहायचं? लिफ्ट आली, म्हणून? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि शिरस्तेदारांना बोलावलं.

"सोमवारपर्यंत हे काम थांबवता येईल?"

"मॅडम, परवा त्या पोटगीवाल्या आजी धाप लागून जिन्यातच बसल्या होत्या. त्यांना काय सांगू? मॅडमच्या मनाला बरं वाटेना, म्हणून अजून थोडे दिवस चढा?"

शिरस्तेदार एरवी इतकं बोलत नसत. बाईंनी निकाल परत कपाटात ठेवला.

दर वर्षी शाळेची मुलं न्यायालय बघायला येत. बाई त्यांना समोर बसवून सांगत, "हे बघा, कायदे करणारे वेगळे, ते राबवणारे वेगळे, आणि दोघांचं चुकलं तर चुकलं म्हणणारे आम्ही वेगळे. आमच्याकडे ना पोलीस, ना तिजोरी. लोक आमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, म्हणून आमचं चालतं." मागच्या खेपेला दोन वेण्यांच्या एका मुलीनं हात वर केला होता. "मग तुमची ही खुर्ची कुणी आणून दिली?" सगळी मुलं हसली होती. बाईही हसल्या होत्या.

सोमवारी लिफ्ट सुरू झाली होती.

म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले. आजवर तो खाली आवारात रिक्षातच बसून राही आणि बाई टंकलेखकाला घेऊन जिना उतरत, त्याचं म्हणणं तिथेच ऐकून घेत. "लेकी, माझ्यापायी तुला त्रास," असं तो दर वेळी म्हणे. आज लिफ्टचं दार उघडलं आणि मुलाचा हात धरून तो स्वतःच आत आला.

"लेकी, आज तुझी पायपीट वाचली बघ!"

सगळं न्यायालय हसलं. सरकारी वकीलसुद्धा.

बाईंनी निकाल वाचला. म्हाताऱ्यानं कानामागे हात धरून तो शेवटपर्यंत ऐकला.

"तुम्हाला वरच्या न्यायालयात जाता येईल," बाई म्हणाल्या.

"ते वकील बघतील." त्यानं काठीवर दोन्ही तळवे टेकले. "एक विचारू का, बाईसाहेब? ही लिफ्ट कधी बसवली?"

निकाल लिफ्ट येण्याआधीच लिहिला होता, हे शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी समोरचे कागद सारखे केले.

"गेल्या आठवड्यात."

म्हाताऱ्यानं वळून मागच्या बाकावर बसलेल्या इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियर मोबाइलमध्ये बघत होते.

"असं होय," म्हातारा म्हणाला.

बाहेर मुलानं लिफ्टचं बटण दाबलं.

"राहू दे. जिन्यानं ने."

"आबा, अहो, तुमचे गुडघे..."

"पाठीवर घे. मी काय तुला कमी उचललंय?"

शिरस्तेदारांनी पुढचं प्रकरण पुकारलं. लिफ्ट पुन्हा वर आली आणि पोटगीवाल्या आजी बाहेर पडल्या. धाप नाही, दम नाही. बाईंच्या समोर येऊन त्यांनी हात जोडले. "फार उपकार झाले हो तुमचे."

"बसा, आजी," बाई म्हणाल्या. त्यांनी आजींची फाइल पुढे ओढली. पण जिन्यातली जड पावलं खाली पोचेपर्यंत ती उघडली नाही.