गोळीचा चौथा हिस्सा

निजामी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी नर्मदाबाईची तान्ही लेक तापाने फणफणली. सेलूच्या डॉक्टरने गोळी देऊन बजावलं, "तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका." गोळीचे सारखे तीन तुकडे जमेनात, म्हणून तिने अर्ध्याचं अर्धं करून चौथा हिस्सा पाण्यातून पाजला.

नवरा रायभान हादरला. "चार तर तिनाहून जास्ती हाय! काय केलंस गं?"

नर्मदाबाईने दोन सारख्या भाकरी घेतल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. चारातला तुकडा लहान निघाला.

"जास्ती न्हाई, कमीच गेलं," ती म्हणाली. पण एवढ्याशाने ताप उतरेल का, या धास्तीने तिने लेकीच्या कपाळावरचा हात काढला नाही. दिवस कलताना त्या कपाळाला घाम फुटला.