निकेलचं बीळ

खाणीच्या तोंडाशी सगळं ओबरग्रुंड गाव जमलं होतं. भुतं उतरवणाऱ्या बाल्टझार उलिशने निळ्या पाण्याच्या वाडग्यात लोखंडी सुरी बुडवली, डोळे मिटून पुटपुटला आणि सुरी वर काढली. पातं तांब्याने लालभडक झालं होतं!

"निकेलने तांबं सोडलं!" तो ओरडला. "सात खाणींची भुतं माझ्या खिशात आहेत!"

बाया रडू लागल्या. मला काही वाटलं नाही. माझा भाऊ फाइट भट्टीवर काम करता करता खोकून गेला, त्याला अकरा दिवस झाले होते. तेव्हापासून मला काहीच वाटत नव्हतं.

सॅक्सनीच्या डोंगरातल्या आमच्या खाणीचं मूळ नाव 'देवाची देणगी'. दगड तांब्यासारखा तांबूस, पण भट्टीतून तांबं निघायचं नाही, नुसता विषारी धूर. मग लोक म्हणाले, निकेल नावाचं भूत तांबं चोरतंय. खाणीला 'निकेलचं बीळ' म्हणू लागले. फाइट गेल्यावर भट्टीवाल्यांनी काम सोडलं, म्हणून मालकाने या उलिशला आणलं. खाणीच्या नव्या नावाची पाटीसुद्धा तयार होती, 'निकेलमुक्ती'.

"चला, आता बिनघोर भट्टी पेटवा," मालक म्हणाला. चौदा माणसं उठली.

"थांबा रे," औषधं विकणारी झबीना पुढे आली. "महाराज, एवढी भुतं खिशात, मग खिसा फाटत कसा नाही?"

लोक हसले. तिने विहिरीच्या पाण्यात चिमूटभर मोरचूद टाकला. पाणी निळं झालं. "आन्द्रेआस, तुझी सुरी दे."

मी दिली. तिने ती बुडवली. थोड्या वेळाने तीही लाल झाली. कसलाही मंत्र नव्हता.

"मोरचुदात तांबं असतं, ते लोखंडावर बसतं. यांच्या वाडग्यात तेच आहे. आता हे बघा." तिने बाटली काढली. "आपल्याच खाणीचा दगड तेजाबात विरघळवून पाणी घातलंय." पाणी हिरवं होतं. सुरी पुसून त्यात धरली. ती लाल झालीच नाही.

"यात तांबं नाहीच. मग निकेल बिचारा चोरणार काय?"

"ही बाई भुताला चिडवतेय!" उलिश किंचाळला.

झबीनाने दगडाचा कण निखाऱ्यावर टाकला. पांढरा धूर निघाला, लसणाचा वास आला. फाइटच्या सदऱ्याला हाच वास यायचा.

"हा सोमल, जहाल विष," ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली. "याने मेला तो."

मी मान हलवली. रडू आलं नाही. भट्टीकडे निघालेल्या चौदा जणांसमोर जाऊन उभा राहिलो. "माझ्या भावाला धुराने मारलं. कुणीही आत जायचं नाही."

कुणी गेलं नाही. उलिश गर्दीतून कधी सटकला, कळलं नाही.

त्या दगडात कुठला धातू आहे, हे झबीनालाही ठाऊक नव्हतं. "माहीत नाही," असं तिने सरळ सांगितलं. तुम्हीही तसंच सांगा. माहीत नसेल तिथे भूत बसवू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग आपल्या भांड्यात, आपल्या पाण्याने करून बघा. माणसं धुरात पाठवण्याआधी करा.