माझ्या पोटातला कापूस

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी. माझा ताडपत्रीचा टप फाटला आहे आणि हॉर्न मनात आलं तरच वाजतो. पण आज मी माझं कौतुक सांगायला बसलेली नाही. माझ्यामुळे एका भल्या माणसाचं नाव खराब झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझे मालक चुडामण आबा. गिरणेच्या काठी, भडगावजवळ त्यांचं शेत आहे. बांध असो, नाला असो, नदीतली वाळू असो, मी कुठे म्हणून अडले नाही. आबा अभिमानाने सांगत, "मनी गाडी बठ्ठी ओरिजिनल शे!" त्या 'बठ्ठी'वर, म्हणजे 'सगळी'वर, ते असा जोर देत की ऐकणाऱ्याने मान हलवलीच पाहिजे. आणि मला ओरिजिनल ठेवणारे होते भडगावचे नासीरभाई मिस्त्री. वीस वर्षं माझ्या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. आवाज ऐकून ते माझं दुखणं ओळखत.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण कुठेतरी पडलं. आबा घाईत होते. त्यांनी मूठभर कापूस घेतला, गमछ्याची लाल काठाची चिंधी त्याला गुंडाळली आणि तो बोळा टाकीच्या तोंडात कोंबला. "दोन दिस चाली जाई," म्हणाले. दोन दिवसांनी नवं झाकण लावताना तो बोळा आत पडला. आबांनी वाकून पाहिलं, हात झटकले आणि झाकण लावून टाकलं. पुढे ते विसरूनही गेले. मी मात्र कशी विसरणार? तो माझ्या पोटात होता.

तिथून माझी थेरं सुरू झाली. पंधरा-वीस किलोमीटर नीट चालायचं आणि मग आचके देत बंद पडायचं. बोळा पेट्रोलच्या नळीच्या तोंडावर ओढला जाई आणि माझा घसा आवळला जाई. दहा मिनिटं उभी राहिले की ओढ संपे, बोळा बाजूला सरके आणि मी पुन्हा ठणठणीत! नासीरभाईंच्या दारात पोचेपर्यंत तर मी इतकी गुणी होत असे की विचारू नका.

"आबा, कार्बोरेटरमध्ये खोट नाही," नासीरभाईंनी दोनदा तो साफ करून सांगितलं. "टाकी उघडून बघू का?"

"टाकी दिवाळीले धुयेल शे," आबा म्हणाले. "तिले हात लावू नको. कार्बोरेटरच म्हातारा व्हयना. नवा बसाड. पन बाकीनं बठ्ठं जुनं जसंनं तसं ऱ्हायनं पाहिजे."

आता गंमत पाहा. टाकी माझ्या ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे. आबा त्याच सीटवर बसून हे बोलत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

नासीरभाईंना पटलं नव्हतं, पण वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, त्याचा शब्द कसा मोडायचा? नवा कार्बोरेटर आला, तर त्याची भोकं माझ्या इंजिनावरच्या मूळ भोकांशी जुळेनात. दुसरा कोणी असता तर ड्रिल लावून मोकळा झाला असता. नासीरभाईंनी माझ्या अंगाला एकही नवं भोक पाडलं नाही. दोन दिवस बसून ॲल्युमिनियमची एक जाड पट्टी कानशीने घासली आणि इंजिन व कार्बोरेटरच्या मध्ये बसवली. हवा गाळणारा जुना डबा, चोकची जुनी तार, सगळं होतं तिथेच राहिलं. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नसेल. आणि मी काय केलं?

बाजाराच्या दिवशी मी गिरणेच्या पुलावर बंद पडले. ट्रॅक्टरला बांधून, भर बाजारातून ओढत आबांनी मला नासीरभाईंच्या दुकानापुढे आणलं. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला आली. नासीरभाईंनी चावी फिरवली, आणि मी एका झटक्यात सुरू झाले. लोक हसले. आबांचं डोकंच फिरलं.

"पाहा रे, पाहा! याना दारमा चालू व्हस! मना ओरिजिनल इकी टाका यानी आनि हाई डबडं बसाडं!" माझा मूळ कार्बोरेटर विकून खाल्ल्याचा हा उघड आळ होता.

नासीरभाई आत गेले, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात माझा जुना कार्बोरेटर होता, धुऊन पुसून फडक्यात गुंडाळलेला, आणि पुरचुंडीत एकेक स्क्रू.

"मोजून घ्या, आबा. तुमची अमानत आहे."

आबांनी डबा घेतला, पण बोललेले शब्द मागे घेतले नाहीत. त्या क्षणी मी एकदा तरी बंद पडायला हवी होती, मित्रांनो! त्या दारात, त्या चार लोकांसमोर. पण मी मेली धडधडत उभी राहिले.

पुढच्या महिन्यात आबा लेकीला, मोहिनीला, भेटायला धुळ्याला निघाले. धुळ्यातल्या देवपूर भागाच्या अलीकडे मी पुन्हा आचके दिले. मोहिनीच्या ओळखीचा योगराज नावाचा मिस्त्री आला. तो आबांना ओळखत नव्हता, त्यामुळे त्याला भीडही नव्हती. त्याने सरळ सीट उचलली, टाकी उघडली आणि तारेच्या आकड्याने तो बोळा बाहेर ओढला. पेट्रोलने काळा पडला होता, पण गमछ्याचा लाल काठ दिसत होता. आबांचा चेहरा उतरला.

योगराजने बॉनेट उघडून ती पट्टी निरखली. "हे काम कोणाचं हो, बाबा? याला कोणाला हात लावू देऊ नका. चार बोल्ट काढले की जुना कार्बोरेटर जसाच्या तसा बसेल. असा कारागीर आता कुठे मिळतो?"

आबांनी बोळा माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी दडवला. नासीरभाईंचं नाव मात्र त्यांच्या तोंडातून निघालं नाही.

त्यानंतर मी कधीच बंद पडले नाही, आणि खरं पाप तिथून सुरू झालं. भडगावात मी रोज त्या दुकानावरून सुरळीत जायचे आणि लोक म्हणायचे, "देवपूरवाल्याने दुरुस्त केली. नासीरला नाही जमलं." माझं चांगलं चालणं हीच त्यांची बदनामी झाली. मला लाज वाटायची हो, प्रत्येक वेळी!

आठ महिने गेले. एक दिवस आबांच्या घरच्या, मंदाबाई, माझ्या हत्यारांच्या पेटीत दोरी शोधत होत्या. हाताला तो वाळलेला बोळा लागला. त्यांनी काठ ओळखला.

"हाई काय शे?"

आबांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मंदाबाईंनी बोळा आबांच्या हातात ठेवला. मग म्हणाल्या, "चार लोकेसमा बोलनात ना? मंग चार लोकेसमाच सांगा."

पुढच्या बाजाराला आबांनी मला दुकानापुढे उभं केलं. टोपी काढून हातात घेतली. टपरीवरची माणसं पुन्हा जमली. आबांनी तो बोळा सगळ्यांना दाखवला. "हाऊ मी कोंबेल व्हता. नासीर टाकी उघडाले सांगे, मीच नही म्हनं. चोर मी शे. त्याले फुकट बोलनू."

नासीरभाईंनी बोळा हातात घेऊन वास घेतला. "आठ महिने मी विचार करतोय, आबा, की माझं चुकलं कुठे. रोज झोपताना ती पट्टी डोळ्यांपुढे यायची. मग हातावरचा भरवसाच गेला. आता कार्बोरेटर घेत नाही, फक्त पंक्चर काढतो."

आबांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. "तूच बसाड. नहीतर हाई गाडी आठेच तुना दारमा उभी ऱ्हाई."

नासीरभाईंनी डबा उघडला, पुरचुंडी सोडली. एकेक स्क्रू बोटांनी चाचपला. मग पाना उचलला.

"बसवतो," ते म्हणाले, "पण आधी टाकी मी स्वतः बघणार."

मित्रांनो, कोणाला बोल लावण्याआधी आपल्या सीटखाली एकदा बघत जा. आणि चार लोकांत बोललेलं चार लोकांतच परत घ्या, तेही लवकर. आबांना आठ महिने लागले. त्या संध्याकाळी जुन्या कार्बोरेटरवर मी पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि सगळ्यांनी वाहवा केली. मला मात्र मान वर करवेना. त्या दारात मी नेहमीच शहाण्यासारखी चालत आले होते, आणि त्यानेच नासीरभाईंचं नाव खराब झालं होतं.